गंभीर सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाची फिजिओथेरपी: घरी काय करायचं आणि कसं

आठवड्यातून दोनदा पाऊण तास फिजिओथेरपी मिळाली, तरी उरलेला आठवडा मूल घरातच असतं: अंथरुणावर, मांडीवर, कडेवर, खुर्चीत. त्या वेळात त्याचं अंग कसं ठेवलं जातं, त्यावर सांधे मोकळे राहतील की आखडतील हे बरंचसं अवलंबून असतं. जावळी-पाटणच्या वाडीतून साताऱ्याला किंवा जत-आटपाडीहून मिरजेला पोराला न्यायचं म्हणजे घरातल्या एकाचा रोजगार बुडतो. म्हणून घरचं काम नीट जमायला हवं. इथे आम्ही व्यायामापेक्षा ठेवणीवर जास्त लिहितो आहोत.

हे सगळं जीएमएफसीएस (मुलाला स्वतःहून किती हालचाल जमते, हे सांगणारी पाच पातळ्यांची मोजणी) पातळी ४ आणि ५ च्या मुलांसाठी आहे. म्हणजे ज्यांना आधाराशिवाय नीट बसता येत नाही किंवा मानही धरता येत नाही अशी मुलं. स्वतःच्या पायांनी चालणाऱ्या मुलांचं वेळापत्रक वेगळं असतं.

आधी खुब्याचा एक्स-रे

काहीही सुरू करण्याआधी खुब्यांची स्थिती माहीत हवी. ऑस्ट्रेलियात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात पाचव्या पातळीवरच्या दहापैकी जवळपास नऊ मुलांचे खुबे वाटीतून बाहेर सरकताना दिसले. सुरुवातीला काही दुखत नाही, बाहेरून काही दिसत नाही. नुसत्या ठेवणीने हे सरकणं थांबेल असं समजू नका. वेळेवर कळावं म्हणून एक्स-रेच लागतो. पहिला एक ते दोन वर्षांच्या दरम्यान आणि पुढे साधारण दर सहा महिन्यांनी. मांडीच्या हाडाचा गोळा ३० टक्क्यांहून जास्त बाहेर असेल, तर लहान मुलांच्या अस्थिरोग तज्ज्ञांना दाखवायला उशीर करू नका.

एक्स-रे काढताना पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले असतील, तर माप चुकतं. दोन्ही पाय समांतर आणि गुडघ्याच्या वाट्या छताकडे, असंच धरायला हवं. मुलाचे पाय सरळ होत नसतील तर गुडघ्यांखाली उशी घ्यायला सांगा, म्हणजे कमरेची कमान टेकते. टेक्निशियनला हे सांगायला संकोचू नका.

अंग सैल करणं आणि उचलणं

ताठरपणाचा एक नियम लक्षात ठेवला की निम्मं काम होतं: स्नायू जितका झटक्यात ताणाल तितका तो उलट जोर लावतो. तळपायाच्या पुढच्या भागाला किंवा तळहाताला अचानक स्पर्श केला तरी अंग कडक होऊ शकतं. म्हणून हात खांद्यांवर आणि खुब्यांजवळ ठेवायचे, पायाच्या बोटांना धरून ओढायचं नाही.

धनुष्यासारखं मागे ताणलं जाणारं मूल उचलायचं असेल तर आधी त्याला कुशीवर वळवा. दोन्ही गुडघे आणि खुबे दुमडा, खांदे हलकेच पुढे आणा, मान मधोमध आणा. अंग सैल पडेपर्यंत थांबा, मग उचला. मान किंवा एक हात मागे राहिला की पुन्हा सगळं शरीर ताणलं जातं आणि मूल हातातून निसटतं.

आपल्याकडची कडेवर घेण्याची पद्धत या मुलांच्या फायद्याची आहे. पाय फाकवून कमरेच्या दोन्ही बाजूंना आले की कात्री सुटते. मात्र खुबा निखळलेला असेल तर आधी विचारून घ्या, आणि दर वेळी एकाच कडेवर घेऊ नका. उचलणारीच्या कमरेचाही विचार हवा. मूल १५ किलोच्या पुढे गेलं की जमिनीवरून एकट्याने उचलणं बंद करा. त्याचं अंथरूण दिवाणावर किंवा पलंगावर हलवा.

झोळीत मूल शांत होतं, ताणही कमी होतो, हे खरं. पण त्यात पाठ गोल आणि खुबे अवघडलेले राहतात. अर्धा तास ठीक, रात्रभर नको.

हाताने ताण देणं

सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं ताण देऊन आखडलेला सांधा सुटत नाही. तरीही सांध्यात हालचाल राहावी, आणि स्प्लिंट (सांधा योग्य स्थितीत धरून ठेवणारा साचा) घालण्यापूर्वी किंवा उभं करण्यापूर्वी स्नायू सैल व्हावा, म्हणून हे करायचं. कोमट पाण्याच्या आंघोळीनंतर करा. महाबळेश्वर-पाटणच्या थंडीत सकाळी अंग जास्त आवळलेलं असतं, तिथे दुपारची वेळ घ्या. पहिला अडथळा लागेल तिथे थांबा, तिथेच ३० ते ६० सेकंद धरा, सैल झालं तर किंचित पुढे जा. प्रत्येक ताण तीन ते पाच वेळा.

पोटरीसाठी: गुडघा सरळ ठेवा. टाच आपल्या तळहाताच्या खोबणीत धरून खाली ओढा आणि मग मनगटाने तळपाय वर आणा. नुसता चवडा वर दाबला तर टाच तिथेच राहते आणि पाय मधोमध मोडतो. वरून घोटा वळल्यासारखा वाटतो, पण तळवा होडीसारखा खाली फुगतो. ही चूक घरोघरी होते.

मांडीच्या आतल्या बाजूसाठी: मूल उताणं, गुडघे दुमडलेले. हात गुडघ्यांच्या वरच, मांडीवर. दोन्ही मांड्या सावकाश बाहेर न्या. घोट्यांना धरून पाय फाकवू नका. लांबून जोर लागतो आणि ठिसूळ हाड मोडू शकतं.

मांडीच्या मागच्या बाजूसाठी: एक पाय गादीवर सरळ टेकवून ठेवा. दुसऱ्या पायाचा खुबा ९० अंशांत दुमडा, मग गुडघा हळूहळू सरळ करा. टेकवलेला पाय उचलला जाऊ लागला की तिथेच मर्यादा.

आजी तेल लावून देत असेल तर जरूर लावू द्या. हलक्या हाताच्या मालिशने मूल निवांत होतं. पण जोरात चोळल्याने स्नायू लांब होत नाही, उलट आवळतो. नस मोकळी करतो, हाड बसवतो म्हणणाऱ्यांकडे या मुलांना नेऊच नका. उभं न राहणाऱ्या मुलांची हाडं इतकी विरळ असतात की कपडे बदलतानाही मांडीचं हाड मोडल्याची उदाहरणं असतात. एक मांडी सुजली, गरम लागली, हात लावला की मूल कळवळलं, तर पडलं नसलं तरी त्याच दिवशी एक्स-रे काढा.

झोपवणं आणि पालथं घालणं

कुशीवर झोपवताना पाठीमागे लोड, दोन्ही गुडघ्यांमध्ये घट्ट उशी, वरचा हात समोर गुंडाळलेल्या चादरीवर. दोन तासांनी कूस बदला. उताणं झोपल्यावर दोन्ही गुडघे एकाच बाजूला पडत असतील, तर त्या बाजूला गोधडीची गुंडाळी लावून मध्ये आणा. गुडघ्याखाली कायमची उशी ठेवली की गुडघा वाकलेलाच राहतो.

पालथं घालण्यासाठी गोधडी घट्ट गुंडाळून छातीखाली, बगलेच्या रेषेत ठेवा. जाडी मुलाच्या बगलेपासून कोपरापर्यंतच्या अंतरापेक्षा किंचित कमी असावी, म्हणजे कोपरं जमिनीला टेकतात. जाड झाली तर हात लटकतात आणि मूल मान टाकतं. पाच मिनिटांपासून सुरुवात करा. समोर, डोळ्यांच्या पातळीवर, त्याच्या आवडीची वस्तू किंवा माणूस हवा. मान उचलायला कारणच नसेल तर ती उचलली जाणार नाही. जेवणानंतर तासभर हे करू नका, आणि पालथ्या मुलाजवळून क्षणभरही उठू नका.

खुर्ची: सुताराला द्यायची मापं

चांगली खुर्ची दिवसातले अनेक तास काम करते. तयार सीपी चेअर (सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठीची आधाराची खुर्ची) मिळेपर्यंत गावातला सुतार १८ मिलीमीटर प्लायवूडमध्ये बनवू शकतो. मापं मूल बसलेलं असताना घ्या.

– बैठकीची खोली: ढुंगणाच्या मागच्या बाजूपासून गुडघ्याच्या खोबणीपर्यंत, त्यातून दोन बोटं वजा.
– रुंदी: खुब्यांची रुंदी आणि दोन्ही बाजूंना एकेक बोट. 'वाढत्या अंगाची' रुंद खुर्ची करू नका, मूल एका बाजूला कलतं. वाढीसाठी बाजूला काढता येतील असे फोमचे तुकडे लावा.
– पायफळी: गुडघ्याच्या खोबणीपासून टाचेपर्यंतच्या उंचीवर, स्प्लिंट घालून मोजलेली. पूर्ण तळवा टेकायला हवा.
– समोरचा ट्रे: कोपराच्या उंचीवर.

पट्टा पोटावरून नाही, खुब्यांच्या घडीवरून, बैठकीशी ४५ अंशांत खाली-मागे ओढलेला हवा. गुडघ्यांमधला ठोकळा गुडघे दूर ठेवण्यासाठी असतो. तो जांघेत घुसत असेल तर मूल आधीच घसरलंय. घसरण्याची कारणं बहुधा तीनच: बैठक खोल आहे, पट्टा वर चढलाय, किंवा मांडीमागचे स्नायू इतके आवळलेत की पाय पुढे टेकवताना ढुंगण पुढे ओढलं जातं. तिसरं असेल तर पायफळी मागे सरकवा. मान पुढे पडत असेल तर नुसती पाठ मागे कलती करू नका. बैठक आणि पाठ यांमधला कोन तसाच ठेवून अख्खी खुर्ची १० ते १५ अंश मागे कलवा.

उभं करणं

स्टँडिंग फ्रेम (मुलाला आधार देऊन उभं ठेवणारा सांगाडा) साधारण पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास, फिजिओथेरपिस्टनी खुबे तपासून परवानगी दिल्यावर सुरू होते. दहा मिनिटांपासून हळूहळू तासापर्यंत वाढवा, आठवड्यातून पाच दिवस. हाडांच्या बळकटीसाठी रोज ६० ते ९० मिनिटं असं उद्दिष्ट असतं. एका दमात जमत नसेल तर दोनदा. दोन्ही पाय बाहेर फाकवून उभं राहता येणारी फ्रेम मिळाली तर खुब्यांना ते जास्त चांगलं. टाच टेकलीय ना, गुडघा उलट मागे जात नाही ना, हे पाहा. पाय निळसर पडले, चेहरा पांढरा झाला, मूल कण्हू लागलं तर लगेच उतरवा.

पांगुळगाडा किंवा चाकांचा बेबी वॉकर या मुलांना देऊ नका. चवड्यावर ढकलायची सवय लागते, कात्री वाढते आणि उलटण्याचा धोका वेगळाच.

भरवणं

पायांवर आडवं घेऊन बोंडल्याने पाजणं बंद करा. मान मागे गेली की घास श्वासनळीत जातो. खुर्चीत ताठ, हनुवटी किंचित खाली, भरवणारा समोर त्याच्याच उंचीवर. चमचा वरून नाही, समोरून. चमच्यातून चटकन ओघळणार नाही इतपत दाट असू द्या. नंतर अर्धा तास बसतंच ठेवा. जेवताना ठसका, ओलसर घरघरता आवाज, वरचेवर न्यूमोनिया असं दिसलं तर गिळण्याची तपासणी करून घ्या.

स्प्लिंट आणि औषधं

नवा एएफओ (घोटा आणि तळपाय धरून ठेवणारा स्प्लिंट) पहिल्या दिवशी अर्धा-अर्धा तास. काढल्यावर लालसर खूण २० मिनिटांत गेली पाहिजे; राहिली तर तो दुरुस्त करून आणा, आत कापूस कोंबू नका. आत नेहमी सुती मोजा घाला. एप्रिल-मेमध्ये दिवसातून दोनदा बदला.

बॅक्लोफेन (ताठरपणा कमी करणारं औषध) सुरू असेल तर गोळ्या संपल्या म्हणून एकाएकी बंद करू नका. ताठरपणा उसळतो, आकडी येऊ शकते. बोटॉक्सचा (आवळलेला स्नायू सैल करण्यासाठी त्यात देतात त्या इंजेक्शनचा) परिणाम तीन-चार महिने टिकतो. ताण, स्प्लिंट आणि उभं राहणं या काळात वाढवलं तरच त्या इंजेक्शनचा उपयोग.

जिल्ह्यात कुठे

अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणाऱ्या आरबीएसके (मुलांच्या आरोग्य तपासणीचा सरकारी कार्यक्रम) पथकाकडून जिल्हास्तरावरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मागा. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात किंवा मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) आधी काढा. त्यावर नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना मिळते, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि त्यात थेरपीचा खर्चही धरला जातो. एडिप योजनेतून (अपंगांना साधनं देणारी केंद्र सरकारची योजना) एलिम्को या सरकारी कंपनीची सीपी चेअर मिळू शकते.

तपासणीला जाताना जुने एक्स-रे सगळे घ्या, शेवटचा एकच नको. खुबा किती सरकला हे तुलनेतूनच कळतं. मूल खुर्चीत बसलेलं असताना समोरून आणि बाजूने काढलेले फोटो, आणि जेवतानाचा मिनिटभराचा व्हिडिओ मोबाइलमध्ये असू द्या. डायपर बदलताना मूल रडतं का, कोणत्या बाजूचा पाय हलवताना रडतं, हे लिहून न्या. न बोलणाऱ्या मुलाचा खुबा दुखतोय हे बऱ्याचदा त्याच वेळी समजतं.