सुईआधी सड बघा : पावसाळ्यातल्या तबेल्यांसाठी

आरे, गोरेगाव, जोगेश्वरीच्या तबेल्यांत जुलै-ऑगस्ट म्हणजे खुराखाली चिखल आणि कासेला चिकटलेलं ओलं शेण. दगडी, म्हणजे कासेची सूज, वाढते ती याच दिवसांत. त्यात गणपतीआधी दुधाला मागणी चढलेली. एका म्हशीच्या दुधात गुठळी दिसली की मालक थेट मेडिकल गाठतो. जरा थांबा.

प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन चिळकांड्या काळ्या ताटलीवर घ्या. गुठळ्या, रक्त, पाणचट दूध तिथेच कळतं. सुप्त दगडी मात्र अशी दिसत नाही. तिच्यासाठी अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवा, त्यातलं थोडं पाणी घेऊन त्यात एकेका सडाचं तेवढंच दूध वेगवेगळं घालून हलवा. शेंबडासारखं घट्ट झालं की त्या सडात दगडी आहे समजा. ती म्हैस सगळ्यात शेवटी पिळा. धार झाली की सड आयोडीनच्या द्रावणात बुडवून पुढ्यात वैरण टाका. सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं असतं, तोवर ती खाली बसायला नको.

औषध पशुवैद्यकांनीच ठरवावं, आणि दुधाचा नमुना पहिल्या सुईआधी घ्यावा. परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय असलेल्या शहरात शेजारच्या तबेल्यातली उरलेली बाटली टोचायची, हे काही पटत नाही. तिवा, म्हणजे जनावरांचा तीन दिवसांचा ताप, तर विषाणूचा आजार. दोन-तीन दिवसांत जनावर बहुधा आपसूक उठतं, आणि श्रेय मिळतं अँटिबायोटिकला!

सूज उतरली म्हणून डॉक्टरांना न विचारता डोस तोडू नका, अंदाजाने कमीही करू नका. तगलेले जंतू पुढच्या वेळी त्या औषधाला दाद देत नाहीत, आणि तबेल्यातच झोपणाऱ्या गड्यांपर्यंतही पोचतात. अशा जंतूंमुळे २०१९ साली जगात थेट १२.७ लाख माणसं गेली, असा अंदाज आहे. त्याच वर्षी भारताने दुभत्या जनावरांसह सगळ्या खाद्यप्राण्यांत कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी घातली. जुना साठा असेल तर वापरू नका.

आता दूध. उकळल्याने औषधाचा अंश जात नाही. गिऱ्हाईक ‘दही लागत नाही’ म्हणतं, तेव्हा विरजणाला दोष देण्याआधी स्वतःची औषधांची वही बघा. औषधाच्या लेबलवर ‘दूध ७२ तास वापरू नये’ असं लिहिलं असेल तर ते तास शेवटच्या डोसपासून मोजायचे, म्हणजे दिवसाला दोन याप्रमाणे सहा धारा. औषधाची ट्यूब एकाच सडात सोडली असली तरी दूध चारही सडांचं बाजूला काढायचं. पारडाला तर पाजूच नका.