पांढऱ्या अस्वलाच्या शिकारीवर चर्चा घ्यायची असेल तर

सदाशिव पेठेतील आमच्या अभ्यासमंडळात पांढऱ्या अस्वलाच्या ट्रॉफी शिकारीचा, म्हणजे कातडे आणि कवटी मिरवण्यासाठी हौसेने केलेल्या शिकारीचा, विषय आम्ही दोनदा घेतला. पहिल्या वेळी तो पार फसला आणि त्याला कारण मीच होते, कारण सुरुवातीलाच मी पडद्यावर हाडे वर आलेल्या एका उपाशी अस्वलाचे छायाचित्र लावले. पुढचा तासभर सगळे हळहळत राहिले, शिकाऱ्याला यथेच्छ शिव्याशाप मिळाले, आणि ज्यांच्या गावात ही शिकार होते त्या इनुइट लोकांचे, म्हणजे कॅनडाच्या उत्तरेकडील मूळ रहिवाशांचे, नावही कोणी काढले नाही. दुसऱ्या वेळी जे बदलले ते येथे लिहीत आहे. महाविद्यालयाच्या निसर्गमंडळाला किंवा सोसायटीतल्या वाचनगटालाही ते उपयोगी पडावे.

पहिले काम म्हणजे प्रश्न नीट मांडणे. ‘पांढरे अस्वल मारावे की नाही’ असे फळ्यावर लिहू नये, कारण कॅनडात ते मारायचे किती, हे शिकारी येण्याआधीच ठरलेले असते. कॅनडा, अमेरिका, नॉर्वे, डेन्मार्क आणि सोव्हिएत संघ या पाच देशांनी १९७३ मध्ये ऑस्लो येथे पांढऱ्या अस्वलांच्या संरक्षणाचा करार केला आणि स्थानिक लोकांच्या परंपरागत शिकारीला त्यात वाट ठेवली. जगातील सुमारे २६ हजार पांढऱ्या अस्वलांपैकी साधारण दोनतृतीयांश कॅनडात आहेत, आणि बाहेरच्या हौशी शिकाऱ्याला आज कायदेशीररीत्या अस्वल मारता येते ते केवळ तेथेच. कॅनडाच्या उत्तरेतील नुनावुतसारख्या प्रदेशात अस्वलांच्या प्रत्येक गटासाठी वार्षिक मर्यादा ठरते, तिचा वाटा गावांना मिळतो, आणि गावातली शिकाऱ्यांची संघटना तो टॅगच्या रूपाने घरांत वाटते. एक टॅग म्हणजे एक अस्वल मारण्याची मुभा. परक्या शिकाऱ्यासाठी जादा टॅग निघत नाही. गावाने आपल्या वाट्यातला विकला तरच त्याला तो मिळतो, आणि इनुइट वाटाड्याला सोबत घेऊनच त्याला बर्फावर जावे लागते. म्हणून फळ्यावरचा प्रश्न असा असावा: गावाने आपल्या वाट्याचा टॅग परक्याला विकावा का, आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

शब्दांकडेही आधीच लक्ष द्यावे. ‘परवाना’ म्हटले की आपल्यासमोर सरकारी खिडकीवर शिक्का मारून घेणारा शिकारी उभा राहतो. ‘वाटा’ म्हटले की गाव उभे राहते. आमच्या पिढीच्या भूगोलाच्या पुस्तकात ‘एस्किमो’ होते, तो शब्द तेथील लोकांना नको आहे, एवढे एका वाक्यात सांगून पुढे जावे; त्यावर अर्धा तास घालवू नये. (आम्ही घालवला.)

त्यानंतर व्याख्यान देण्याऐवजी चिठ्ठ्यांचा खेळ घ्यावा. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर वीस टॅग कापून टेबलावर ठेवावेत आणि मंडळींचे चार गट करून त्यांना एका गावातली चार घरे समजावे. पहिल्या फेरीत प्रत्येक घराने आपल्याला टॅग का हवा ते सांगून वाटणी करावी. मांस हवे, कातडे हवे, घरातल्या मुलाची ही पहिली शिकार आहे, अशी कारणे द्यायला थोडे शिकवावे लागते, कारण दुकानातले अन्न जेथे जहाजाने किंवा विमानाने येते तेथे मांसाची किंमत काय असते, हे आपल्याला मंडईच्या पिशवीवरून कळत नाही. दुसऱ्या फेरीत परदेशी शिकाऱ्याचे पाकीट टेबलावर यावे: पाच टॅग विकत हवेत, प्रत्येकाचे लाखो रुपये. मांस गावातच राहील, कातडे आणि कवटी तो नेईल. वाटाड्याला, कुत्र्यांच्या गाडीच्या मालकाला आणि कातड्याचे गरम कपडे शिवणाऱ्या बाईला मजुरी मिळेल. आमच्याकडे येथे खरी घासाघीस झाली. तिसऱ्या फेरीत वादळ आल्याचे सांगून पाचांपैकी दोन शिकारी रिकाम्या हाताने परत पाठवावेत आणि त्यांचे टॅग सर्वांसमोर फाडावेत, कारण विकलेला टॅग वाया गेला तर तो पुन्हा वापरायचा नाही, असा नियम तेथे अनेक ठिकाणी राहिलेला आहे.

मी पहिला टॅग फाडला तेव्हा बँकेतून निवृत्त झालेले एक सदस्य चटकन म्हणाले, “अहो, फाडू नका, पुढच्या वर्षी वळता करू.” मग आम्ही मोजणी केली. टॅग विकले नसते तर वीस अस्वले मेली असती; विकले म्हणून अठरा मेली. मघापासून शिकाऱ्याला कसाई म्हणणाऱ्या एक बाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “दोन वाचली हे खरे, पण त्याला काही ती वाचवायची नव्हती.” चर्चा घेणाऱ्याने या क्षणी अजिबात बोलू नये. कृत्याचे मोल हेतूवर ठरवायचे की परिणामावर, हा वाद मंडळी आपसूक सुरू करतात.

खेळाने पारडे विक्रीच्या बाजूला झुकते, तेव्हा विरोधी बाजू मुद्दाम जोरकसपणे मांडावी. हौशी शिकाऱ्याला भिंतीवर लावायला सर्वांत मोठा नर हवा असतो. त्याने माद्या वाचतात असे समर्थक म्हणतात, पण वर्षानुवर्षे मोठेच नर काढत राहिल्याने गटाचे काय होते, ही शंका रास्त आहे. समुद्रावरचा बर्फ कमी होणे हे या प्राण्यावरचे मुख्य संकट आहे, शिकार नव्हे. तरीही गट आधीच घटत असेल तर मर्यादा किती कडक हवी, हे विचारावेच लागते. कॅनडातील हडसन उपसागराच्या पश्चिम भागातील गटात अस्वले किती, याचा अंदाज २०१६ मध्ये ८४२ होता, तो २०२१ मध्ये ६१८ वर आला. गावकरी म्हणतात की वस्तीजवळ पूर्वीपेक्षा अधिक अस्वले दिसतात. शास्त्रज्ञांपैकी अनेकांच्या मते बर्फ लवकर वितळल्यामुळे ती किनाऱ्यावर अधिक काळ अडकतात. ही दोन्ही निरीक्षणे एकाच वेळी खरी असू शकतात, हे सूत्रधाराने नक्की सांगावे, नाहीतर सभा शहाणे विरुद्ध अडाणी अशी फाटते, आणि पुण्यात ती फार लवकर फाटते.

बंदीचा इतिहास थोडक्यात पुरे. कॅनडात मारलेल्या अस्वलाची ट्रॉफी अमेरिकेत नेण्याची वाट १९९४ मध्ये उघडली आणि २००८ मध्ये प्राणी संकटग्रस्त यादीत गेल्यावर ती बंद झाली. पांढऱ्या अस्वलाचा आंतरराष्ट्रीय व्यापार पूर्ण थांबवण्याचे अमेरिकेचे प्रस्ताव वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या बैठकांत २०१० मध्ये दोहा येथे आणि २०१३ मध्ये बँकॉक येथे फेटाळले गेले. येथे गटांना एकच गोष्ट विचारावी: आयात बंद झाल्याने गावाची मर्यादा आपोआप खाली आली का? ती आली नाही. टॅग गावातच राहिले आणि अमेरिकी शिकाऱ्याकडून येणारा पैसा आटला. सीलच्या कातड्याच्या बाबतीतही असेच घडले. युरोपीय संघाच्या २००९ च्या बंदीत इनुइटांना सूट असूनही कातड्याचा बाजार त्यांच्यासाठी सावरला नाही. माझे मत विचाराल तर हौसेसाठी जनावर मारणारा माणूस मला आवडत नाही, परंतु त्याच्यावरचा माझा राग इनुइट घराच्या खर्चातून वसूल करण्याचा अधिकार मला आहे, असे मला वाटत नाही.

शेवटचा अर्धा तास आपल्याकडच्या कायद्यासाठी राखून ठेवावा, आणि तो आधी खर्च करू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला शिकारीच्या परवान्यांची तरतूद होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने गेली. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे अनेक परंपरागत हक्क मान्य केले, पण शिकारीचा हक्क शब्द वापरून वगळला. फासेपारध्यांचे नावच फासे लावण्याच्या कामावरून पडलेले आहे. ज्या मंडळींनी मघाशी इनुइटांना टॅग देऊन टाकला, त्यांना विचारावे की पारध्याला तितराचा टॅग द्याल का. आमच्या सभेत या प्रश्नावर चहा थंड झाला. कोणी म्हणाले, आपल्याकडे माणसे फार आणि जंगल थोडे. कोणी म्हणाले, त्यांना आपण विचारलेच कुठे? दोन्ही उत्तरे वहीत नोंदवून घ्यावीत.

शेवटी हात वर करून मतदान घेऊ नये. उरलेल्या चिठ्ठ्यांवर प्रत्येकाने आपला निर्णय आणि तो कोणाच्या तोंडावर सांगायला अवघड जाईल, हे नाव न घालता लिहावे, आणि पुढच्या बैठकीत त्या चिठ्ठ्या वाचूनच सुरुवात करावी. आमच्या सतरा चिठ्ठ्यांपैकी नऊंवर ‘इनुइट वाटाड्या’ होता, पाचांवर ‘माझी नात’, आणि उरलेल्या तीन कोऱ्या आल्या होत्या.