आधी गठ्ठा सोडा: बचत गटांसोबत टाकाऊ कापडाचं काम करायला निघालेल्यांसाठी

डिझाइनचं शिक्षण नुकतंच संपलेली मुलं-मुली विचारतात, बायकांच्या गटांसोबत टाकाऊपासून टिकाऊ वस्तू करायचं काम करायचंय, सुरुवात कुठून करू? बहुतेकांकडे तेव्हा स्केचबुक भरलेलं असतं. माझं उत्तर ठरलेलं आहे. स्केचबुक काही दिवस बॅगेतच राहू द्या आणि गटातल्या बायकांबरोबर गठ्ठा सोडायला बसा.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या गटांसोबत काम करते. माल म्हणजे मुख्यतः जुन्या साड्या आणि शिंप्यांकडची कतरण. हे दोन्ही एकाच पोत्यात भरू नका, कारण दोन्हीचा स्वभाव वेगळा आणि गिऱ्हाईकही वेगळं. कतरण कोरी असते, पण तुकडे वेडेवाकडे आणि टीचभर. साडी सलग मिळते, सहावारी साधारण साडेपाच मीटर, पण कुठे विरलीय ते हात फिरवल्याशिवाय कळत नाही. कमरेला खोचलेलं टोक बहुतेक वेळा रंगाने नवंकोरं निघतं. निऱ्यांच्या खालची कड घासून गेलेली असते, पिन लावायच्या जागी भोकं पडलेली असतात. साडी उजेडासमोर धरायची, दोन्ही हातांनी आडवी ताणायची आणि 'चर्र' आवाज आला की तेवढा भाग भरावाला टाकायचा. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. जन्मभर गोधड्या शिवलेल्या बाईला ते सांगावंही लागत नाही.

साड्या कुठून आणायच्या? भांड्यांवर जुने कपडे घेणाऱ्या बोहारणी ही आपल्याकडची जुनी पुनर्वापराची साखळी. अजूनही बराच माल त्यांच्या हातूनच जुन्या बाजारात येतो. त्यांच्याकडून रोख पैसे देऊन निवडून घेतलेला माल मला दानात आलेल्या पोत्यांपेक्षा स्वस्त पडतो. दानाच्या पोत्यातलं निम्मं निवडण्यात आणि फेकण्यात जातं, आणि त्याची मजुरी कुणी धरत नाही. आता सुती साडी क्वचितच हाती लागते, गठ्ठ्यात जॉर्जेट आणि सिंथेटिकच जास्त. शंका आली तर एक धागा जाळून बघा. सुताची राख होते आणि कागद जळल्यासारखा वास येतो, पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. सिंथेटिक कापड मशीनवर घसरतं. त्याला खाली मांजरपाटाचा थर दिला की ते वठणीवर येतं.

आता डिझाइन. इथली खरी अडचण म्हणजे एकदा आलेला माल पुन्हा येत नाही. तुम्ही सुंदर मोरपंखी बॅग केलीत, दुकानदाराने पन्नास नग मागितले, आणि मोरपंखी साडी एकच होती. म्हणून इथे एकेक वस्तू डिझाइन करून भागत नाही. कुठलाही गठ्ठा आला तरी लागू पडेल असा नियम डिझाइन करावा लागतो. आमचा एक नियम सांगते. दिसणाऱ्या भागाचा साठ टक्के हिस्सा कायम एकाच गडद रंगाच्या कोऱ्या सुती कापडाचा. पट्टा, चेन आणि अस्तरही ठरलेलं. गठ्ठ्यातलं कापड फक्त उरलेल्या जागेत, आणि एका नगात जास्तीत जास्त तीन रंग. ते तीन निवडायचे बाईने. नगाला नग जुळत नाही, पण टेबलावर मांडले की एकाच घरातले वाटतात. दुकानदाराला फोटो पाठवताना 'रंग असेच येतील असं नाही' हे आधीच लिहायचं.

काही ठिकाणी माल आणि बाजार यांची गाठ फार नेमकी पडलेली आहे, तिथे जाऊन बघा. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना 1993 पासून आहे. तिच्यातूनच उभ्या राहिलेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या आणल्या, वापरलेले सॅनिटरी पॅड गुंडाळून टाकण्यासाठी. उघडे पॅड हाताने वेगळे करायची पाळी ज्यांच्यावर येत होती, त्यांच्याच अडचणीतून निघालेली ही वस्तू. दिसायला अगदी साधी, आणि मला तरी टाकाऊपासून केलेल्या अनेक बक्षीसपात्र शोभेच्या दिव्यांपेक्षा ती सरस वाटते. दुसरं उदाहरण कच्छचं. भुजजवळ कुकमा गावापाशी 'खमीर' ही संस्था आहे, 2005 मध्ये सुरू झालेली. तिथे प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन, रंगाप्रमाणे निवडून, पट्ट्या कापून हातमागावर विणतात. त्या भागात मागावर बसायचे ते पुरुष, बायकांकडे सूत भरण्यासारखी आधीची कामं. प्लास्टिकच्या विणकामामुळे बायका मागावर बसल्या. नवीन वस्तूबरोबर कामाची जुनी वाटणीही हलली, म्हणून हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं.

एक मात्र सांगते. फ्लेक्सच्या मागे लागू नका. वाढदिवसाचे आणि निवडणुकीचे फ्लेक्स ढिगाने फुकट मिळतात, म्हणून नव्या लोकांना मोह होतो. पण ते पीव्हीसी प्लास्टिक असतं, उन्हात तडकतं आणि सुईच्या भोकांच्या रेषेवर टराटरा फाटतं. लहान मुलांच्या किंवा खाण्याच्या वस्तूंसाठी तर ते अजिबात नको.

नमुना तयार झाला की तो आधी गटातल्या सगळ्यात कडक बाईच्या हातात द्यायचा. एका इंटर्नने छान दिसणारी झोळी करून आणली होती. पट्टे वरच्या दुमडीत नुसते खुपसून एक शिलाई मारलेली. मावशींनी ती उलटी-सुलटी केली आणि म्हणाल्या, "अगं पोरी, ह्यात दळण आणायचं का नुसता फोटो काढायचा?" मग शेजारचा ज्वारीचा डबा झोळीत ओतून त्यांनी ती खांद्याला लावली. पट्टा तिथेच उसवला. पुढच्या नमुन्यात पट्टा आत चार बोटं खाली घेतला, त्यावर चौकट शिवली आणि चौकटीत फुली मारली. जाड थराला सोळा नंबरची सुई लावली. ती झोळी अजून विकली जाते. मापंही सेंटिमीटरच्या तक्त्यात देऊ नका. जुन्या एक्स-रे फिल्मचे साचे कापून द्या. पुठ्ठ्यासारख्या त्यांच्या कडा झिजत नाहीत, आणि फिल्ममधून कापडाची नक्षी दिसते, त्यामुळे कोयरी नेमकी कुठे येईल ते कापायच्या आधीच कळतं.

किंमत. इथे बहुतेक प्रकल्प कोलमडतात. समजा एक पाउच आहे. चेन, अस्तर, दोरा मिळून 22 रुपये. कापड निवडणं, धुणं, इस्त्री यांची 20 मिनिटं, शिलाईची 50. ताशी 60 रुपये मजुरी धरली तर 70 रुपये झाले. भाडं, वाहतूक आणि नासधूस यांचे 18 धरा, एकूण 110. गटाच्या हाती 20 राहिले पाहिजेत, म्हणजे 130. दुकानदार छापील किमतीच्या 40 टक्के ठेवणार असेल तर छापील किंमत 220 च्या घरात जाते. आता पाउच समोर ठेवून विचारा, हा 220 चा वाटतो का? नसेल वाटत, तर मजुरी कापायला जाऊ नका, मिनिटं कापा. आम्ही अस्तर वेगळं लावणं सोडलं. मोठ्या दुहेरी कापडावर मशीनने उभ्या शिलाया मारल्या आणि त्यातूनच पाउच कापले. आतल्या कडांना कापडी पट्टीच्या पायपिंगऐवजी मशीनचं इंटरलॉक केलं. हाताचा धावदोरा महागड्या वस्तूंसाठी, गोधडीसाठी राखून ठेवला. एवढं करूनही आकडा जमत नसेल तर ती वस्तू सोडून द्यायची.

साध्या कापडी पिशवीत तर पडूच नका. 2018 मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा गावोगावच्या गटांनी पिशव्या शिवल्या. बाजारात कापडासारख्या दिसणाऱ्या नॉन-वोव्हन पिशव्या आल्या आणि भावात गट मागे पडले. त्या पिशव्याही पॉलिप्रॉपिलीनच्याच, पण गिऱ्हाईक तेवढं बघत नाही.

बाजार आपल्या पंचांगात शोधा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचं वाण लुटलं जातं, आणि एकेका घरात तीस-चाळीस नग लागतात. प्लास्टिकच्या डब्यांऐवजी छोटे बटवे तिथे सहज खपतात. पण वाणाला वापरलेल्या साडीचं कापड चालत नाही, 'कुणाचं उतरलेलं' म्हणून बायका नाक मुरडतात. तुम्हाला हे पटो न पटो, वाणाच्या बटव्यांना कोरी कतरणच वापरा. हाच प्रश्न गटातही येतो. अनोळखी माणसांचे कपडे हाताळायला काहीजणी बिचकतात, आणि त्यामागे जातीचा विचार नसतोच असं म्हणता येत नाही. माल गरम पाण्यात धुऊन, इस्त्री करूनच वाटायचा, आणि धुण्याचं काम नेहमी एकीच्याच गळ्यात पडत नाही ना, यावर डोळा ठेवायचा.

दिवाळीच्या कंपनी ऑर्डरी गोड दिसतात. मोठा आकडा, कमी दिवस, आणि नेमकी तेव्हाच सोयाबीनची काढणी आणि घरचा फराळ. ऑगस्टच्या आत ऑर्डर पक्की होत नसेल तर नाही म्हणा. निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय कात्री लावू नका. प्रदर्शनांमध्ये मुंबईचं महालक्ष्मी सरस शिकण्यासाठी उत्तम. ते 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या गटांचं, त्यामुळे ग्रामसंघामार्फत, म्हणजे गावातल्या गटांच्या संघामार्फत जावं लागतं. तिथे स्टॉलमागे उभं राहून गिऱ्हाईक वस्तू कशी हाताळतं ते बघा. आधी चेन ओढून बघतात, मग आत हात घालतात, नक्षीकडे शेवटी. 'गरीब बायकांनी केलंय' ही पाटी लावू नका. त्या पाटीवर वस्तू एकदा खपते, आणि पुढच्या वर्षी तेच गिऱ्हाईक ओळख न दाखवता पुढे जातं.

तुमच्या स्वतःच्या पोटापाण्याचंही बोलायला हवं. या क्षेत्रात कायमची नोकरी थोडी, प्रकल्पावरची कामं जास्त, आणि निधी संपला की काम संपतं. मोठ्या डिझाइन संस्थेची पदवी असेल तर दार लवकर उघडतं, नसली तर अडत नाही. मात्र शिलाई मशीनवर सफाईने बसता आलं पाहिजे आणि हिशेबाची वही लिहिता आली पाहिजे. कामाच्या करारात दोन गोष्टी आधीच मागून घ्या. बाईला मजुरी माल जमा केला त्या दिवशी तिच्या खात्यात मिळेल, विक्री होईपर्यंत ती थांबणार नाही. आणि साचे, मास्टर पीस म्हणजे पक्का झालेला मूळ नमुना, चेनवाल्या होलसेलरचा नंबर, दुकानदारांची यादी हे सगळं पहिल्या महिन्यापासून गटाच्या कपाटात राहील. दुकानदाराशी फोनवर भाव ठरवायचं काम तिसऱ्या ऑर्डरपासून गटातल्याच कुणाकडे द्या. तुम्ही शेजारी बसा आणि स्पीकर चालू ठेवा.