स्वतःच्या जागेत क्ले नेमबाजी: तबकड्या आणि थ्रोअर कसे निवडावेत

क्ले नेमबाजी म्हणजे हवेत फेकलेली तबकडी बंदुकीने फोडणं. हवेत भिरभिरत निघालेली केशरी तबकडी छर्र्यांच्या एका फटक्यात धुरळा होऊन विरते. तो क्षण एकदा अनुभवला की माणूस या खेळात गुंततोच. मग अधूनमधून रेंजवर जाऊन मन भरत नाही. आपल्याच मोकळ्या जमिनीवर थ्रोअर, म्हणजे तबकड्या फेकणारं साधन, आणून ठेवावा, चार मित्रांनी मिळून सकाळी सराव करावा, असं वाटायला लागतं. कल्पना उत्तम आहे. फक्त खरेदीचा क्रम बहुतेक जण उलटा लावतात. आधी मशीन घेतात, मग तबकड्या, आणि जागेचा विचार सगळ्यात शेवटी करतात. खरं तर जागेवरून ठरतं की तबकडी कुठल्या दिशेला आणि किती लांब फेकता येईल. त्यावरून तबकडी ठरते आणि तबकडीवरून मशीन.

पहिली पायरी: टेप घेऊन जागा मोजा

क्ले नेमबाजीत साधारणपणे 7½ किंवा 8 नंबरचे छर्रे वापरतात. 7½ नंबरचा छर्रा जेमतेम 2.4 मिलिमीटरचा. एवढासा दाणा किती लांब जाणार, असं वाटतं आणि तिथेच चूक होते. नळी आकाशाकडे तिरपी असते, त्यामुळे हे छर्रे जवळजवळ 200 मीटरपर्यंत जाऊन पडू शकतात. वारा पाठीमागून असेल तर आणखी पुढे. म्हणून नेमबाजासमोर 275 मीटरपर्यंत माणूस, गुरं, रस्ता, घर किंवा विजेची तार काहीही नसावं, हा नियम धरून चाला. आणि हे अंतर फक्त नाकासमोर मोजून भागत नाही. तबकडी डावी-उजवीकडे वळते, तिच्यामागे नळीही वळते. त्यामुळे मोकळी जागा पंख्यासारखी पसरलेली हवी.

एवढी जागा नसेल तर घरी सराव करू नका. इथे तडजोड नाही. अशा वेळी आपल्या तबकड्या घेऊन रेंजवर गेलेलं बरं.

जागा पुरेशी असली तरी तुमच्या भागातला कायदा खासगी जमिनीवर गोळीबार करू देतो का, वस्तीपासून किती अंतर लागतं, आवाजाच्या वेळा काय आहेत, हे परवाना देणाऱ्या कार्यालयात जाऊन लेखी विचारून घ्या. शेजाऱ्यांना आधी कल्पना द्या. बंदुकीचा आवाज अचानक कानावर आला की कुणाचंही काळीज धडधडतं, जनावरं बुजतात. समोर तळं, ओढा किंवा पाणथळ जागा असेल तर दिशा बदला. पाण्यात साठणारं शिसं पक्ष्यांच्या पोटात जातं आणि त्यांना मारतं.

दुसरी पायरी: तबकडी हातात घेऊन पाहा

पूर्वी या खेळात जिवंत कबुतरं उडवत. 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येसुद्धा ती उडवली गेली. त्याच्या आधीच, 1880 मध्ये, सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्की यांनी भाजलेल्या मातीची बशीसारखी तबकडी आणली होती. ती इतकी टणक होती की छर्रे लागले तरी कित्येकदा नुसती टण्ण वाजायची, फुटायची नाही. पुढे माती गेली, ‘क्ले’ हे नाव राहिलं. आजची तबकडी चुनखडीची पूड आणि डांबरासारखा पिच यांच्या मिश्रणातून साच्यात दाबून काढतात. ती फेकल्याचा झटका सहन करते आणि तीन-चार छर्रे लागले तरी तुकडे होते. हा तोल साधणं हेच तिच्यातलं कसब आहे.

स्टँडर्ड तबकडी 110 मिलिमीटर व्यासाची, साधारण 25 मिलिमीटर उंच आणि सुमारे 105 ग्रॅमची असते. अमेरिकन मापाची तबकडी किंचित लहान, 108 मिलिमीटरची. हा 2 मिलिमीटरचा फरक क्षुल्लक वाटला तरी ऑटोमॅटिक मशीनमध्ये तो नडतो. म्हणून मशीनच्या माहितीपत्रकात कोणतं माप दिलंय ते वाचून मगच पेट्या मागवा. याशिवाय 90 मिलिमीटरची मिडी, 60 मिलिमीटरची मिनी, पातळ चकतीसारखी बॅटू आणि जमिनीवरून उड्या मारत धावणारी जाड काठाची रॅबिट असे प्रकार मिळतात. सुरुवातीला यांपैकी काहीही घेऊ नका. वर्षभर स्टँडर्ड फोडा. मिनी लांब दिसते आणि भलतीच वेगवान वाटते. नवशिक्याचा त्यात फक्त हिरमोड होतो.

रंग मात्र विचार करून निवडा. समोर झाडांची गर्द रांग असेल तर पूर्ण केशरी घ्या. मागे उघडं, लख्ख आकाश असेल तर काळी जास्त स्पष्ट दिसते. पेट्या घेण्याआधी दोन्ही रंगांच्या चार-चार तबकड्या ज्या वेळी सराव करणार त्याच वेळी उडवून बघा. सकाळी आठला झकास दिसणारा रंग संध्याकाळी पाचला हरवतो.

तुकड्यांचाही विचार खरेदीच्या वेळीच करायला हवा. नेहमीच्या तबकडीतला पिच विषारी असतो. डुकरांनी असे तुकडे खाल्ल्यामुळे ती दगावल्याच्या नोंदी आहेत. जमिनीवर गुरं चरत असतील किंवा पीक घेत असाल तर पिच नसलेल्या, विघटन होणाऱ्या तबकड्या घ्या. त्या महाग पडतात, काहींना ओल अजिबात चालत नाही, आणि ‘विघटन होणारी’ म्हणजे महिन्याभरात मातीत मिसळून जाणारी असं समजू नका. तुकडे वेचावे लागतातच. माझ्या मते तरीही स्वतःच्या जमिनीवर त्याच वापराव्यात.

तिसरी पायरी: किती घ्यायच्या आणि कुठे ठेवायच्या

एका फेरीत 25 तबकड्या लागतात. तिघांनी दोन-दोन फेऱ्या केल्या तर 150 संपल्या. पेट्या बहुधा 90, 135 किंवा 150 नगांच्या असतात, म्हणजे एक पेटी ही एका सकाळची शिदोरी. पण मोठ्या पेटीचं वजन 15 किलोच्या आसपास जातं आणि आतला माल काचेसारखा ठिसूळ असतो. कुरिअरने मागवलेल्या पेटीत तुकड्यांचा खुळखुळाट ऐकू येण्याची शक्यता बरीच असते. जमेल तेवढं स्वतः जाऊन आणा. दुकानातच पेटी हलकेच तिरपी करून कान द्या. खुळखुळ वाजली तर दुसरी मागा.

मी पहिल्या वर्षी सहा पेट्या एकदम आणून पत्र्याच्या शेडमध्ये रचल्या, त्याही आडव्या. ऐन उन्हाळ्याचे दोन महिने गेले. उघडल्यावर तबकड्या एकमेकींत रुतून बसलेल्या. नखाने सोडवताना काठाचा टवका उडायचा आणि ज्या सुटल्या त्या चपट्या झालेल्या. मशीनमध्ये एकीच्या जागी दोन पडत आणि मशीनचा फेकणारा हात अडकून बसे. पिच उन्हाने मऊ होतो, एवढी साधी गोष्ट मला माहीत नव्हती. पेट्या सावलीत, कोरड्या जागी, फळीवर, छापलेल्या बाणाप्रमाणे उभ्या ठेवा आणि एकावर एक फार चढवू नका. कडाक्याच्या थंडीत उलट होतं. पिच जास्तच ठिसूळ होतो आणि तबकडी मशीनच्या हातातून सुटतानाच फुटते. थंडीत स्प्रिंगचा ताण थोडा उतरवला की हे कमी होतं.

चौथी पायरी: थ्रोअर

सगळ्यात साधा म्हणजे हातातला थ्रोअर. लांब दांड्याच्या टोकाला पकड असते, तीत तबकडी खुपसायची आणि मनगटाचा झटका देऊन भिरकावायची. स्प्रिंग नाही, बॅटरी नाही, पिशवीत मावतो. दोघंच असाल आणि महिन्यातून एखाद्या वेळी खेळणार असाल तर याहून जास्त कशाचीच गरज नाही. उणीव एकच: प्रत्येक फेक वेगळी जाते आणि पन्नास तबकड्यांनंतर खांदा बोलायला लागतो.

त्यानंतर येतं जमिनीवर ठोकायचं किंवा जड चौकटीवर बसवायचं हाताने ताणायचं मशीन. स्प्रिंगला जोडलेला हात खट् असा आवाज होईपर्यंत मागे ओढायचा, त्यावर तबकडी ठेवायची आणि दोरी किंवा खटका ओढून सोडायची. घरच्या सरावासाठी माझी पहिली शिफारस हीच. बिघडण्यासारखं त्यात फारसं काही नसतं, आणि एकदा कोन लावला की तबकडी पुन्हा पुन्हा त्याच वाटेने जाते. शिकण्यासाठी नेमकं हेच लागतं. नेम कुठे चुकला हे समजायचं तर लक्ष्य तरी दर वेळी सारखं जायला हवं. म्हणून ‘आमचं मशीन शंभर मीटर फेकतं’ या जाहिरातीवर भुलू नका. ऑलिंपिकमधल्या ‘ट्रॅप’ या क्ले नेमबाजीच्या प्रकारातही तबकडी 76 मीटर जाईल अशी फेकतात. नवशिक्याला 40–50 मीटर भरपूर होतात.

ऑटोमॅटिक मशीन 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. वरच्या फिरत्या चक्रात पन्नासपासून काहीशे तबकड्या मावतात, बटण दाबलं की एक सुटते आणि काही सेकंदांत पुढची तयार. चौघं-पाचजण दर आठवड्याला खेळत असाल तर खर्च वसूल होतो. एकट्याने सराव करणाऱ्यालाही पायाने दाबायच्या बटणामुळे सोय होते. घेताना वायर लांब आहे का, आडवा-उभा कोन हत्यारांशिवाय बदलता येतो का आणि हाताभोवती लोखंडी संरक्षक कडं आहे का, ते बघा. कडं नसेल तर ते मशीन घेऊच नका.

ते का, हे नीट समजून घ्या. ताणलेला हात सुटतो तेव्हा डोळ्याला दिसतसुद्धा नाही. त्याच्या वाटेत मनगट आलं तर हाड मोडतं. ऑटोमॅटिक मशीन तबकडी सोडल्यावर लगेच हात पुन्हा ताणून ठेवतं, म्हणजे ते जवळजवळ सतत ‘भरलेलं’ असतं. बॅटरीची वायर काढली म्हणजे धोका संपला असं नाही. ताणलेली स्प्रिंग ताणलेलीच राहते. कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने हात मोकळा सोडल्याशिवाय अडकलेली तबकडी काढायला बोटं घालायची नाहीत. मशीनजवळ नेहमी मागून जायचं. मुलांना तर त्याच्या आसपासही फिरकू देऊ नका.

पाचवी पायरी: पैसे देण्याआधी दहा फेका मागा

शक्य असेल तिथे मशीन चालवून दाखवायला सांगा. एकाच सेटिंगवर दहा तबकड्या सोडायच्या आणि त्या कुठे पडतात ते बघायचं. सगळ्या थोड्याशा पट्ट्यात पडल्या तर मशीन चांगलं. एक इकडे, एक तिकडे जात असेल तर बोल्ट सैल असतील, नाहीतर चौकट हलत असेल.

जुनं मशीन घेत असाल तर हातावरच्या रबरी पट्टीवर बोट फिरवा. तबकडी याच पट्टीला घासत, गरगरत पुढे सरकते. तिथेच तिला गिरकी मिळते आणि त्या गिरकीमुळे ती हवेत भोवऱ्यासारखी स्थिर राहते. पट्टी गुळगुळीत झाली असेल, कडा उचलली गेली असेल, तर तबकडी डगमगत जाईल किंवा सुटतानाच फुटेल. लोक अशा वेळी तबकड्यांना दोष देतात आणि दोष असतो त्या चिमूटभर रबरात. पट्टी बदलता येते. सुटा भाग मिळतो का, तेवढं विचारून घ्या. स्प्रिंगवर गंज आणि वेल्डिंगला तडा मात्र दिसला तर स्वस्तातही नको.

सहावी पायरी: पहिला दिवस

डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर संरक्षण सगळ्यांना हवं, बघणाऱ्यांनासुद्धा, कारण तुकडे मागेही येतात. फेकणारा माणूस कधीही नेमबाजाच्या पुढे नसावा. तो बाजूला आणि किंचित मागे असावा. बंदूक फक्त शॉटगन, म्हणजे छर्र्यांची. उडत्या तबकडीवर रायफल किंवा स्लग (शॉटगनची एकच मोठी गोळी) कदापि नाही. पाळी येईपर्यंत बंदूक उघडी, रिकामी.

मशीन सपाट जागी घट्ट बसवा आणि स्प्रिंग सगळ्यात कमी ताणावर ठेवा. बंदुका अजून गाडीतच असू द्या. नुसत्या वीस तबकड्या उडवा. त्या कुठे चढतात, कुठे टेकतात, वारा त्यांना किती ढकलतो हे सगळ्यांनी मिळून पाहा. जिथे पडतात तिथे दोन काठ्या रोवून ठेवा. मग नेमबाजाच्या पायांची जागा चुन्याने आखा, मशीन अशा कोनात लावा की तबकडी त्याच्यापासून सरळ दूर जाईल, आणि त्यानंतरच पहिल्याला उभं करून ‘पुल’, म्हणजे ‘तबकडी सोड’, म्हणायला सांगा.