वेळेचा रकाना

विषबाधेवर थिसिस घ्यायला निघालेल्यांसाठी हे लिहितेय. औषधशास्त्रात एमडी करताना मी पॅरासिटामॉलच्या ओव्हरडोसवर थिसिस घेतला होता. सकाळी डोंबिवलीहून लोकलने यायचं, दुपारभर रेकॉर्ड रूममध्ये केसपेपर उपसायचे, रात्री घरी एक्सेल भरायचं. चौदा महिने हे चाललं. आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त केसेस एका दुपारी बाद झाल्या, कारण वेळेचा रकाना मी चुकीचा भरला होता. आजही त्या शीटची आठवण आली की पोटात खड्डा पडतो.

रुमॅक-मॅथ्यू नोमोग्राम, म्हणजे पॅरासिटामॉल जास्त घेतलेल्या कुणाला उतारा द्यायचा ते ठरवायचा आलेख, तुम्हाला माहीत असेलच, 1975 पासूनचा. आडव्या अक्षावर तास, उभ्या अक्षावर रक्तातली पातळी. आता वापरतात ती उपचाराची रेषा चार तासांना 150 मायक्रोग्रॅम प्रति मिली, आठ तासांना 75. प्रश्न एवढाच, की हे तास मोजायचे कुठून? गोळ्या घेतल्यापासून. मी मोजले कॅज्युअल्टीत नोंद झाल्यापासून.

यातून काय होतं ते आकड्यांतच बघा. मुलीने दुपारी 3 वाजता गोळ्या घेतल्या. घरच्यांना संध्याकाळी कळलं, 7 वाजता कॅज्युअल्टीत नोंद झाली, रात्री 11 ला रक्त गेलं, पातळी आली 90. माझ्या शीटमध्ये हे चार तास झाले. 150 च्या खाली, म्हणजे ॲसिटिलसिस्टीनची, या विषबाधेवरच्या उताऱ्याची, गरज नाही. खरे तास आठ होते आणि 90 हा आकडा 75 च्या वर आहे. तिला औषध हवंच होतं. वॉर्डातल्या रेसिडेंटने ते दिलंही होतं, आणि मी मात्र तिला ‘विनाकारण उपचार’ या गटात टाकलं होतं. अशा कितीतरी केसेस. त्यावरून मी निष्कर्ष काढून छापला असता, तर पुढच्या कुणीतरी तो वाचून औषध थांबवलं असतं.

ही चूक सहज होते, कारण कॅज्युअल्टीची वेळ शिक्क्यासकट स्वच्छ लिहिलेली असते. खरी वेळ आतल्या पानावर ‘आज दुपारी’ अशी घाईत खरडलेली असते, किंवा नसतेच. नसेल तर रकाना रिकामा ठेवा. अंदाजाने भरू नका. वेळ माहीत नसेल किंवा गोळ्या दोन-तीन दिवस थोड्याथोड्या घेतलेल्या असतील, तर नोमोग्राम लागूच होत नाही. तिथे लिव्हरचे रिपोर्ट आणि पातळी बघून निर्णय घेतात. त्या केसेस वेगळ्या ठेवा.

सीनियरची जुनी एक्सेल शीट घेऊन त्यात आपले आकडे ओतायचे, हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. माझ्या शीटमध्ये ‘वेळ’ असा एकच रकाना होता, तो तिथूनच आला होता. आणि गाईड निवडताना नाव किती मोठं आहे ते बघू नका, ते तुमचा कच्चा डेटा उघडून बघतात का ते विचारा. माझ्या मॅडमनी एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, “हे चार तास कशापासून?” एवढा एक प्रश्न. तो आधी कुणी विचारला असता तर माझं वर्ष वाचलं असतं.

पेस्टिसाइडच्या विषबाधेकडे वळणार असाल तर तिथेही हेच आडवं येतं. प्रॅलिडॉक्सिम, म्हणजे आपलं पाम, ऑर्गनोफॉस्फरस कीटकनाशकांवरचा उतारा. 2006 मध्ये बारामतीत 200 रुग्णांवर झालेल्या चाचणीत जास्त मात्रेत सतत दिल्यावर फायदा दिसला, 2009 मध्ये श्रीलंकेतल्या चाचणीत दिसला नाही. बारामतीचे रुग्ण लवकर पोचलेले होते, हा त्या दोन चाचण्यांमधला एक मोठा फरक. पाठ्यपुस्तकातला तक्ता पाठ करण्याआधी हे दोन्ही पेपर मुळातून वाचा.

घाबरू मात्र नका. एथिक्स कमिटीने सिनॉप्सिस दोनदा परत पाठवला तरी चालतं, केसेस कमी भरल्या तरी चालतं. तीस केसेस नीट असतील तर तो प्रामाणिक थिसिस आहे. मी उरलेल्या केसेसवरच पास झाले.

आणि शक्य असेल तर केसपेपरवर विसंबू नका, कॅज्युअल्टीत जाऊन बसा. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, म्हटलं की घरचे गप्प होतात, पोलिसांच्या धास्तीने वेळही बदलून सांगतात. त्यांना शांतपणे सांगा, की 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र तणावाखाली असलेला मानतं, सहसा शिक्षा होत नाही. मग ‘किती वाजता?’ असं विचारू नका, उत्तर येणार नाही. एका रात्री एक आई पदराच्या गाठीत गोळ्यांची रिकामी पाकिटं बांधून घेऊन आली होती. वेळ विचारली की नुसती रडायची. मी विचारलं, “मावशी, नळाला पाणी आलं त्याच्या आधी की नंतर?”

“पाणी गेल्यावर. मी शेवटची कळशी आत ठेवली, तोवर ती बरी बोलत होती.”

त्यांच्या चाळीत पाणी साडेसहाला जातं. मी तेवढंच लिहिलं: साडेसहानंतर.