माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर निघालाय? लगेच प्लगला लावू नका

ठाण्यात सध्या नौपाडा घ्या, चरई घ्या, पाचपाखाडी घ्या, जुन्या बिल्डिंगा रिडेव्हलपमेंटला चालल्यात आणि घर रिकामं करताना माळ्यावरून तांब्याचे हंडे आणि मोडक्या सायकलीसोबत हमखास निघतो तो पांढऱ्याचा पिवळा पडलेला कॉम्प्युटर. वाशी-नेरुळला सिडकोच्या जुन्या घरांमध्ये पण तेच. मग एकतर तो भंगारवाल्याकडे किलोवर जातो, नाहीतर घरातलं कोणीतरी म्हणतं चालतोय का बघूया, आणि वीस-पंचवीस वर्षं बंद पडलेलं मशीन सरळ प्लगला लावून बटण दाबतं. दोन्ही प्रकारे चांगली मशिनं संपलेली मी बघितलीत म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

उदाहरणाला माझ्याकडचं एक ४८६, म्हणजे नव्वदच्या दशकातल्या ४८६ प्रोसेसरचं मशीन घेतो. चरईतली एक छोटी प्रेस बंद झाली, लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, गणेशोत्सव मंडळाची स्मरणिका असली कामं तिथं व्हायची. प्रेसवाल्या काकांनी मशीन देताना एवढंच सांगितलं, "मशीन तुझं रे, पण यात ९६ सालची स्मरणिका आहे, त्यात माझ्या आईचा लेख आहे. छापलेली प्रत घरात एकही राहिली नाही. जमलं तर तेवढं बघ." तेव्हा पहिली गोष्ट हीच, डब्यापेक्षा आतली हार्ड डिस्क मोलाची धरायची आणि सगळं काम त्या हिशोबाने करायचं.

मशीन आणताना त्याच्यासोबतचं सगळं आणा. कीबोर्ड, केबली, फ्लॉप्या, मॅन्युअल, आणि मागे प्रिंटरच्या पोर्टला काडेपेटीएवढं काही खोचलेलं असेल तर ते आधी खिशात घाला, कारण ते डाँगल असतं, त्या काळची बरीच मराठी सॉफ्टवेअर त्याच्याशिवाय उघडतच नाहीत. मॉनिटर जुना डब्बा मॉनिटर असेल तर रिक्षात काच सीटच्या पाठीकडे करून ठेवा, आणि घरी आणल्यावर तो उघडायचा नाही, आतल्या ट्यूबला २० हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि बंद केल्यावरही काही काळ राहतो, ते काम टीव्ही दुरुस्तीवाल्याचं.

आता कॅबिनेट उघडा. प्लग नाही, केबल नाही. मोबाईलवर फोटो काढा, दहा-बारा तरी, प्रत्येक केबलची लाल कड कुठल्या बाजूला आहे ते दिसेल असे. आत झुरळं, पालीची अंडी, कधी उंदराने कुरतडलेल्या वायरी निघतात. रंगाचा मऊ ब्रश आणि ब्लोअर पुरतो, ओलं फडकं नको.

मग बॅटरी शोधा, यावर जास्त लिहितोय कारण जुने बोर्ड, म्हणजे मदरबोर्ड, मरतात ते बहुतेक हिच्यामुळे. ३८६ आणि ४८६ च्या बोर्डांवर निळ्या किंवा हिरव्या रंगाची छोट्या पिंपासारखी ३.६ व्होल्टची रिचार्जेबल निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. ती गळते. आजूबाजूला हिरवट-निळसर बुरशीसारखं दिसलं की समजायचं. गळालेलं द्रव्य अल्कली असतं म्हणून त्यावर पांढरं व्हिनेगर, कापसाच्या बोळ्याने थोडं थोडं, फेस यायचा थांबेपर्यंत, मग डिस्टिल्ड वॉटरने पुसून शेवटी आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि मग दोन दिवस पंख्याखाली वाळवायचं, पावसाळ्यात चार दिवस. हातमोजे घाला. बॅटरी कापूनच टाका, अजून गळाली नाही म्हणून ठेवू नका, आज ना उद्या गळणारच. तिच्या जागी सीआर२०३२ चा बटणासारखा गोल सेल सरळ जोडायचा नाही, कारण बोर्ड जुन्या बॅटरीला चार्ज करायचा आणि हा सेल चार्ज करायचा नसतो. बऱ्याच बोर्डांवर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांचा कनेक्टर असतो, शेजारी आतली की बाहेरची बॅटरी ते ठरवणारा एक जंपर (पिनांवरची छोटी टोपी), त्या कनेक्टरला तीन पेन्सिल सेलचा होल्डर लावायचा, प्लस-मायनस मॅन्युअल बघून. पेंटियमच्या पुढच्या बोर्डांवर बहुतेक सीआर२०३२ च असतो, तो नुसता बदलला की झालं.

पेंटियम ३ आणि ४ च्या वेळच्या बोर्डांची कटकट वेगळी. २००० च्या आसपास खराब प्रतीचे कॅपॅसिटर खूप बोर्डांत गेले होते, प्रोसेसरच्या भोवती बघा, डोकं सपाट हवं, फुगलेलं किंवा तपकिरी थर आलेला असेल तर बदलायचा. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, लो ईएसआर (आतला रोध कमी असलेला) आणि १०५ डिग्रीवाला मागून घ्यायचा.

आता एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय. मागे ११५/२३० चं लाल बटण असेल तर २३० वरच आहे ना ते दोनदा बघा, परदेशातून आणलेली मशिनं हमखास ११५ वर असतात आणि आपल्या लाइनला लावली की धडाका होतो. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३२० व्होल्टच्या आसपास डीसी साठते, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्सचा हात नसेल तर एसएमपीएस उघडू नका. आपल्याकडचे इलेक्ट्रिशियन वापरतात तो सिरीज बोर्ड इथं फार कामाचा, ६० वॉटचा साधा पिवळा बल्ब लाइनला सिरीजमध्ये. एसएमपीएस बोर्डपासून सोडवून त्यातून लावा, बल्ब एकदा चमकून मंद झाला तर शॉर्ट नाही, भगभगीत पेटून राहिला तर लगेच काढा. मग सरळ लाइनला लावून मल्टिमीटरने मोजायचं, लाल वायरीला ५, पिवळीला १२, पाच टक्के इकडेतिकडे चालतं. ४८६ च्या काळातल्या जुन्या एटी प्रकारच्या सप्लायला काहीतरी लोड लागतो, नाहीतर नीट चालूच होत नाही, एखादी मेलेली हार्ड डिस्क लावा, चालते. आणि एटीचे बोर्डला जाणारे दोन कनेक्टर शेजारी शेजारी बसतात, काळ्या वायरी काळ्यांना लागून मध्यभागी आल्या पाहिजेत. उलटे बसवले तर बोर्ड जळतो, हे भिंतीवर लिहून ठेवा.

पहिल्यांदा चालू करताना हार्ड डिस्क जोडायचीच नाही. नुसता बोर्ड, रॅम, डिस्प्ले कार्ड, स्पीकर. कार्डांचे सोनेरी दात खोडरबरने घासून, अल्कोहोलने पुसून परत बसवा, निम्म्या वेळा एवढ्यानेच डिस्प्ले येतो. रॅमच्या पट्ट्यांचं गणित असतं, ४८६ मध्ये ३० पिनांच्या पट्ट्या चार-चारच्या सेटमध्ये लागतात, पेंटियममध्ये ७२ पिनांच्या जोडीने, एकटी लावून मशीन मेलंय म्हणू नका.

डिस्प्ले आला की लोक इथं एक चूक करतात. बॅटरी मेलेली असल्यामुळे बायोस (बोर्डवरचा, मशीन चालू करणारा मूळ प्रोग्रॅम) सगळं विसरलेलं असतं, हार्ड डिस्कसुद्धा, आणि स्क्रीनवर डिस्क नाही असं येतं, मग चांगली डिस्क भंगारात जाते! डिस्कच्या लेबलवर सिलिंडर, हेड आणि सेक्टरचे आकडे छापलेले असतात, ते बायोसमध्ये हाताने भरायचे.

पण त्याआधी डिस्कची कॉपी. आयडीई (जुन्या हार्ड डिस्कची रुंद पट्टी-केबलवाली जोडणी) ते यूएसबी ॲडाप्टर मिळतो, बऱ्याच डिस्क त्याने वाचता येतात, मात्र अगदी जुन्या, १ जीबीच्या आतल्या डिस्क कित्येकदा त्याला कळत नाहीत. काकांची ४२० एमबीची होती, तिचं तेच झालं, मग मी एक पेंटियम ३ काढला, त्याला खरा आयडीई पोर्ट आहे, सीडीवरून लिनक्स चालू करून डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रॅमने पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब कॉपी घेतली. डीडीरेस्क्यू खराब जागा आधी सोडून चांगलं तेवढं उचलतं आणि मग परत फिरून प्रयत्न करतं, म्हातारी डिस्क जितकी कमी पळवाल तितकं बरं. टकटक आवाज येत असेल तर लगेच थांबा. इमेज झाली की मूळ डिस्क कापडात गुंडाळून कपाटात ठेवा आणि मशीनमध्ये डिस्कच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश हे जुन्या कॅमेऱ्यांतलं मेमरी कार्ड आयडीईच्या ॲडाप्टरवर लावा, आवाज नाही, गरम होत नाही, आणि कार्ड काढून लॅपटॉपला जोडलेल्या कार्ड रीडरमध्ये घालता येतं. जुन्या बायोसला ५०४ एमबीच्या पुढचं दिसत नाही, म्हणून मोठं कार्ड घेऊन उपयोग नाही.

सुट्या भागांसाठी ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा, लॅमिंग्टन रोडला कॅपॅसिटर, सेल होल्डर, ॲडाप्टर सगळं एका चकरेत होतं, रविवार सोडून जा. अख्खी मशिनं आणि केबली तुर्भे-महापेकडच्या भंगारवाल्यांकडे बघायच्या, त्यांना फोटो दाखवून ठेवा, ओळख झाली की स्वतः फोन करतात.

आता वापर. नुसते गेम खेळायचे तर फ्रीडॉस, म्हणजे विंडोजच्या आधीच्या डॉससारखी ऑपरेटिंग सिस्टिम, फुकट आहे, झकास चालतं. पण आपल्यासाठी या मशिनांची खरी किंमत मराठी मजकुरात आहे असं मला मनापासून वाटतं. युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे चालणारी अक्षरांची एकच कोड पद्धत, घरोघरी यायच्या आधी डॉसवर मराठीसाठी सीडॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड होतं, इस्की नावाचं भारतीय लिपींचं स्टँडर्ड होतं, १९९१ चं, आणि विंडोजवर प्रत्येक कंपनीच्या फाँटचे कोड वेगळे. म्हणून ती फाइल आज लॅपटॉपवर उघडली की इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. मजकूर शाबूत असतो, फाँट नसतो! त्यामुळे फाइलीसोबत फाँटही उचला, विंडोज ९५ मध्ये फाँट्स फोल्डरमध्ये असतात, ३.१ मध्ये सिस्टिम फोल्डरमध्ये. पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरची पानं असतील तर मूळ मशीनवरच उघडा, पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरचा ड्रायव्हर निवडून प्रिंट टू फाइल करा, ती फाइल लॅपटॉपवर घोस्टस्क्रिप्ट नावाच्या प्रोग्रॅमने पीडीएफ करा, पान छापलं होतं तसंच्या तसं मिळतं.

पावसाळ्यात खाडीकडची दमट हवा या मशिनांना खाते, झाकणाच्या मोठ्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू करा.

स्मरणिकेची फाइल मिळाली. लेख चार पानांचा निघाला, मी काकांना घरी बोलावलं आणि त्याच ४८६ वर उघडून दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग चष्मा वर करून दुसऱ्या पानावर बोट ठेवलं, "ही स्मृतीची वेलांटी पहिली पडलीय बघ, दुसरी हवी. आई तेव्हाही बोलली होती, पण छपाईच्या प्लेटा झाल्या होत्या." मी म्हटलं काका, तुम्हीच करा, आणि खुर्ची त्यांना दिली. त्यांना कीबोर्ड अजून पाठ होता.