गोष्ट वाचण्याआधी दहा सेकंद गप्प बसा

मागच्या वेळी चाळीस मिनिटांची गोष्ट एका बैठकीत वाचून रेकॉर्ड केली, खुशीत ऑडॅसिटीत, म्हणजे आवाज कापण्या-जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, तर मागे फ्रिजची घरघर. घरघर कमी करणारं नॉइज रिडक्शन त्यात आहे की, म्हटलं. पण त्याला आधी निव्वळ घरघरीचा नमुना दाखवावा लागतो आणि माझ्या चाळीस मिनिटांत बिनबोलाचे दोन सेकंद सापडेनात. मग दोन वाक्यांच्या फटीतून नमुना उचलला. त्यात माझा श्वास होता. गोष्टीतली आजी पाण्याखालून बोलू लागली. सगळं परत वाचलं.

तर पहिलं काम: माइक लावा, लेव्हल (आवाज किती जोरात नोंदवायचा ते) ठरवा, रेकॉर्डचं बटण दाबा आणि दहा सेकंद काहीही करू नका. पान उलटायचं नाही, खुर्ची करकरू द्यायची नाही. त्याच खोलीत, त्याच लेव्हलवर. नंतर घेऊ म्हणाल तर तोवर पंखा कुणीतरी वाढवलेला असतो.

पंखा, फोन, खिडकी: बंद. फ्रिज बंद केलात तर नंतर चालू करा, एवढं तरी लक्षात ठेवा. माइक तोंडापासून वीतभर, जरासा बाजूला, नाहीतर प, फ, भ आले की फटाके वाजतात. लेव्हल अशी की जोरातलं वाक्यसुद्धा सॉफ्टवेअरच्या मीटरवर उणे ६ डेसिबलच्या आसपास थांबावं; शून्य ही तिथली कमाल मर्यादा. शून्याला आपटून फाटलेला आवाज पुढे नीट शिवता येत नाही, आणि गोष्टीत कुणीतरी ओरडतंच, तेव्हा तालीम ओरडूनच करा. चुकलात तर थांबू नका, एक टाळी वाजवा आणि वाक्य पुन्हा म्हणा. टाळीचा सुळका पडद्यावरच्या आवाजाच्या लहरींत लांबूनही दिसतो.

शांतता घेतलीत ना? विचारतोय, कारण ती दोनदा लागते. खोकला कापून तिथे सॉफ्टवेअरची कोरी शांतता भरली की इयरफोनवर कानात बोळा घातल्यासारखं होतं. तिथे आपल्याच खोलीची शांतता चिकटवायची.

मूळ फाइलची प्रत वेव्ह (WAV) फाइल म्हणून बाजूला ठेवा आणि मगच हात लावा. आधी ८० हर्ट्झच्या खालचा खर्जातला आवाज हाय-पास फिल्टरने उडवा. मग त्या दहा सेकंदांतला तुकडा निवडून नमुना द्या, सगळा ट्रॅक निवडा आणि नॉइज रिडक्शन ६ ते ८ डेसिबलच ठेवा. त्याहून जास्त मला नको वाटतं, थोडी घरघर राहिली तर राहू दे. हळू आणि जोरातल्या आवाजातला फरक कमी करणारा कॉम्प्रेसर त्यानंतरच, कारण तो हळू आवाज वर आणतो तेव्हा उरलेली घरघरही वर येते.

मग नॉर्मलाइझ, म्हणजे सगळ्यात जोरातला आवाज उणे ३ डेसिबलवर आणा. संगीत हवंच असेल तर बोलण्याच्या बरंच खाली. शेवटची फाइल एमपीथ्री, मोनो (एकाच चॅनलची). एकदा इयरफोनवर, एकदा फोनच्या स्पीकरवर ऐका.

आणि शांतता राहिलीच असेल तर खोली अजून तशीच आहे तोवर उठू नका, आत्ता घ्या.